तपासणीच्या आधीचे आठ दिवस

माझा उजवा हात कोपरापर्यंत पोत्यात गेला की समोरचा माणूस बोलायचा थांबतो. तीसेक वर्षं झाली, जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका आडत दुकानावर मी माल पाहायचं काम करतो. शेतकऱ्याचं सोयाबीन आलं, तूर आली, मका आला, की तो कसा आहे ते सांगायचं. आता ओल मोजायचं मशीन आलंय. वाटीभर दाणे टाकले की आकडा दाखवतं. पण तुम्ही जे दाणे द्याल त्यांचंच ते सांगणार. पोत्याच्या तोंडाशी वाळलेला माल आणि तळाशी ओला, हा उद्योग मशीनच्या कितीतरी आधीपासून चालत आलाय. म्हणून मी हात घालतो, तळाची मूठ वर काढतो आणि एक दाणा दाताखाली धरतो. कट्ट वाजला तर ठीक, दबला तर पोतं पालथं.

हे मी फुशारकीनं सांगायचो. लग्नकार्यात, पारावर, मुलीच्या सासरीसुद्धा. हल्ली सांगत नाही. कुणी विषय काढला तरी मी पाण्याचा तांब्या शोधायला उठतो. ते का, हे एकदा लिहून ठेवावं असं वाटलं, कारण तोंडाने सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.

आम्ही जालन्यातच मस्तगडला राहतो, बायको आणि मी. मुलगी पुण्याला दिलेली. सहा वर्षांपूर्वी बायकोला पोथीतली अक्षरं पुसट दिसायला लागली म्हणून चष्म्याचा नंबर काढायला गेलो. डोळ्यांच्या डॉक्टर एक तरुण बाई आहेत, सगळे त्यांना मॅडम म्हणतात. त्यांनी नंबर राहू दिला आणि वेगळ्याच तपासण्या सुरू केल्या. हनुवटी पट्टीवर टेकवायची, निळा उजेड डोळ्याजवळ येतो, हलायचं नाही. मग अंधाऱ्या खोलीत एका पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात बघत बसायचं आणि कुठे बारीक ठिपका चमकला की बटण दाबायचं. डाव्या डोळ्याच्या वेळी बटणाचा आवाज फारच कमी आला. मी बाहेर बाकावर बसून मनात म्हणत होतो, हिला काय करायचं ते कळलंच नसणार.

मॅडमनी काचबिंदू सांगितला. कागदावर डोळा काढून दाखवला. डोळ्यात पाणी सारखं तयार होतं आणि एका बारीक जाळीतून निघून जातं. ती वाट तुंबली की आत प्रेशर वाढतं आणि मागची नस हळूहळू सुकत जाते. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, कडेकडेची नजर जाते आणि माणसाला पत्ताही लागत नाही. "गेलेली नजर परत येत नाही, काका," त्या म्हणाल्या. "आहे ती राखायची. थेंब रोज टाकायचे, एकही दिवस सोडायचा नाही."

दोन बाटल्या मिळाल्या. पिवळ्या टोपणाची सकाळ-संध्याकाळ, हिरवट टोपणाची रात्री जेवण झाल्यावर. थेंब टाकला की डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. बाटली फोडल्यावर महिन्याने फेकून द्यायची, शिल्लक असली तरी. एवढंच काम. आमच्या दुकानावर याच्यापेक्षा चहा करण्यात जास्त भानगडी असतात.

पहिल्या दिवशी बायकोने स्वतः टाकून पाहिलं. तिच्या बोटांची पेरं सुजलेली असतात. बाटली दाबायला गेली, हात हलला, एक थेंब गालावर, दुसरा भुवईवर. मी बाटली तिच्या हातातून काढून घेतली.

"राहू दे. तुला जमणार न्हाई. मी टाकत जाईन."

"दोन-चार दिवस करून तर पाहू द्या," ती म्हणाली. "जमंल मला."

मी ऐकलं नाही. दोन्ही बाटल्या डब्यात घातल्या आणि डबा कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, तिचा हात पोहोचत नाही तिथे. औषध वाया जायला नको, असं तेव्हा म्हणालो. खरी गोष्ट अशी की मला ते काम माझ्या नावावर पाहिजे होतं. पाहुणे आले की मी मुद्दाम त्यांच्यासमोर डबा काढायचो. हात धुवायचो, तिला मान मागे टाकायला सांगायचो, एका बोटाने खालची पापणी ओढून बरोबर एक थेंब सोडायचो. पाहुण्यातली बाई म्हणायची, "भाग्याची हाय हो, एवढं कोण करतंय?" आणि मी ऐकलं न ऐकल्यासारखं करायचो.

पहिल्या वर्षी एकही थेंब चुकला नाही. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची आवक सुरू झाली आणि मी सात वाजता घराबाहेर पडायला लागलो. बायको दारापर्यंत यायची.

"अहो, थेंब राह्यला."

"आल्यावर टाकतो."

आल्यावर अंगभर धूळ असायची, नाकातोंडात भुसकट. आंघोळ, जेवण, आणि मग "आता रात्रीचाच टाकू" म्हणायचं. रात्रीचा टाकायच्या आधीच मी आडवा. ती उशाशी उभी राहायची, मग दिवा बंद करायची. तिने कधी मला हलवून उठवलं नाही. उठवलं असतं तर मी खेकसलो असतो, हे तिला पक्कं माहीत होतं.

हंगाम संपला, पण सवय लागली ती लागली. एक दिवसाने काय होतंय, म्हणता म्हणता चार दिवस जायचे. महिन्यात संपायची ती बाटली अडीच महिने पुरायला लागली. ढिगाकडे बघून किती पोती होतील ते सांगणारा मी माणूस, बाटलीत औषध किती उरलंय हे मला दिसत नव्हतं असं कसं म्हणू? दिसत होतं. डबा उघडला की दिसत होतं, म्हणून डबा उघडायचं टाळत होतो.

तपासणी दर तीन महिन्यांनी असायची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलीने येऊन तारखेभोवती लाल गोल केलेले होते. तो गोल आठ दिवसांवर आला की मी जागा व्हायचो. नवी बाटली आणायचो, घड्याळ लावून थेंब टाकायचो, नाकाचा कोपरा स्वतः दाबून धरायचो. आठ दिवस अगदी पहिल्या वर्षासारखे. मग मॅडमपुढे जाऊन बसायचो. प्रेशर चौदा यायचं, कधी पंधरा.

"छान आहे. औषध नियमित चालू आहे ना?"

"बिलकुल. एक दिवस खाडा न्हाई," मी म्हणायचो.

बायको शेजारच्या स्टुलावर बसलेली असायची. ती तेवढ्या वेळात पिशवीची चेन लावत बसायची. लागलेली चेन उघडायची आणि पुन्हा लावायची.

याच काळात तिचा डावा खांदा दाराच्या चौकटीला धडकायला लागला. गल्लीत लावलेल्या मोटारसायकलच्या हँडलला लागून दंडावर काळंनिळं व्हायचं. एकदा चहा गाळताना डाव्या हाताकडचा कप तिला दिसलाच नाही, सगळा चहा ओट्यावर. मी पेपर वाचत होतो. वर न बघता म्हणालो, "आंधळी झालीस का गं?" हे वाक्य मऊ करून लिहिता आलं असतं, पण मी बोललो ते असंच. ती म्हणाली, "ध्यान नव्हतं," आणि फडकं घेऊन पुसायला लागली. नजर कुठून जाते ते मॅडमनी कागदावर काढून दिलेलं होतं, आणि तो कागद त्याच कपाटात होता. तरी मी असं बोललो. आता नुसतं आठवलं तरी कान गरम होतात.

मधल्या एका हंगामातली गोष्ट सांगायला पाहिजे, कारण शेवटी सगळं तिथेच येतं. बायकोचं माहेर हसनाबाद. तिथला एक शेतकरी आमच्या दुकानावर सोयाबीन घेऊन आला. नात्यातला नव्हता, पण गावाच्या नात्याने बायको त्याला भाऊ म्हणते, म्हणून तो मला दाजी म्हणायचा. त्या साली काढणीच्या वेळीच पाऊस लागून राहिला होता. मी पोत्यात हात घातला. वर खणखणीत माल, तळाशी दाणा दातात दबला.

"दाजी," तो हळू आवाजात म्हणाला, "जेवढं ऊन भेटलं तेवढं वाळवलं. खालचं वाळायला ऊनच न्हाई भेटलं. सांगणारच व्हतो तुम्हाला."

खरं बोलत असेल तो. आता वाटतं, खरंच बोलत होता. पण त्या वेळी भोवती हमाल होते, दुसरे शेतकरी होते, शेजारच्या दुकानाचे लोक होते, आणि एवढे लोक पाहत असले की मला चेव येतो. मी पोतं फरशीवर पालथं केलं. सगळ्यांना दिसेल असा ओला ढीग हाताने पसरला. म्हणालो, "पाहुणे, जावई मी हसनाबादचा, मोंढ्याचा न्हाई." लोक खूप हसले. तो खाली बसून दाणे गोळा करायला लागला. त्याने मान वर केली नाही, आणि त्यानंतर आमच्या दुकानावर तो कधी आला नाही.

बायकोला माहेराहून कळलं. तिने ताट वाढलं आणि समोर बसली.

"त्याला बाजूला घेऊन सांगता आलं असतं," ती म्हणाली. "चार माणसात पोतं पालथं करायची काय गरज व्हती?"

मी म्हणालो, खोटं ते खोटं, चार माणसातच दाखवलं पाहिजे.

मागच्या हिवाळ्यात मॅडमनी पुन्हा ती ठिपक्यांची तपासणी केली आणि दोन वर्षांचे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. डाव्या डोळ्याच्या चित्रातला काळा भाग वाढला होता, मलासुद्धा कळेल इतका. मॅडमनी दोन्ही चित्रांवर बोट ठेवलं.

"प्रेशर इथे दरवेळी चांगलं येतं. औषध वेळेवर आहे. तरी नस सुकतेय. म्हणजे इथे येत नाही तेव्हा घरी कधीतरी ते वाढत असणार."

मी मान हलवली. मला वाटतं, त्या क्षणी बोललो असतो तर पुष्कळ सोपं झालं असतं.

त्यांनी संभाजीनगरहून मागवलेलं एक यंत्र आठ दिवसांसाठी आमच्याकडे दिलं. घरच्या घरी प्रेशर मोजायचं. हातात मावेल एवढं, कपाळाला आणि गालाला टेकवायचं, आतली बारीक काडी बुबुळाला इतकी हलकी लागते की कळतही नाही. नीट धरलं की हिरवा दिवा लागतो आणि बीप होतं. आकडा मात्र आपल्याला दिसत नाही. तो तारीख-वेळेसकट आत साठतो आणि मॅडमच्या कॉम्प्युटरवरच उघडतो. दिवसातून पाच वेळा मोजायचं. "काका, तुम्ही इतकं नीट करता, तुम्हालाच देते," त्या म्हणाल्या.

घरी आणून मी ते देवघराच्या फळीवर ठेवलं आणि त्याच्याकडे पाहत बसलो. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या पोत्यात हात घातला होता, आता कुणीतरी माझ्या घरात हात घालणार होतं. मी नेहमीसारखं वागलो असतो, चार दिवस थेंब चुकवले असते, तर त्या यंत्रात खरं काय ते उमटलं असतं. मॅडमना कारण सापडलं असतं. तेवढ्याचसाठी तर यंत्र दिलं होतं.

मी काय केलं? दुकानावर आठ दिवसांची सुट्टी टाकली. सकाळी सातला थेंब, संध्याकाळी सातला थेंब, जेवणानंतर हिरव्या टोपणाचा. एक मिनिट इकडचं तिकडे नाही. आणि मग पाच वेळा बीप. तिसऱ्या दिवशी बायको मान मागे टाकून पडलेली असताना म्हणाली, "मशीन घरीच राह्यलं तर बरं व्हईल." तिचा आवाज अगदी साधा होता. मी तिच्या नाकाचा कोपरा दाबून धरला होता, तो तसाच दाबून धरला.

मॅडमनी आकडे उघडले. सकाळ, दुपार, संध्याकाळ, सगळे बारा ते पंधरा. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे घरीही चांगलंच आहे. याचा अर्थ यांच्या नसेला एवढं प्रेशरसुद्धा झेपत नाही. अजून खाली आणावं लागेल, आणि ते थेंबांनी होणार नाही. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करू." मग त्यांनी धोकाही सांगितला. नजर आधीच कमी उरलेल्या डोळ्यात कधी कधी ऑपरेशननंतर उरलेलीही जाऊ शकते. क्वचित, पण सांगणं त्यांचं काम. बायकोने विचारलं, "म्हणजे पार अंधार?" मॅडम म्हणाल्या, "तसं होऊ नये म्हणूनच करतोय, काकू." पुढच्या गुरुवारची तारीख ठरली. बुधवारी एकदा येऊन दाखवायचं होतं.

घरी येताना रिक्षात मी तिच्या हाताकडे बघत होतो. हिच्या डोळ्यात चिरा पडणार होता, आणि तो पडायची गरज आहे की नाही हे जगात फक्त दोन माणसांना माहीत होतं. त्यातलं एक माणूस मी होतो. त्या रात्री नाही आणि त्यानंतरच्या एकाही दिवशी मी मॅडमना फोन लावला नाही. दर सकाळी ठरवायचो, आज मॅडमना सांगतो. दुपारी पोत्यात हात जायचा, तळाला ओल लागायची आणि तरी मी हमालांना म्हणायचो, "ठीक हाय, घ्या." मालक एकदा म्हणाला, "मामा, तब्येत बराबर न्हाई का?" पुण्याहून मुलीचा फोन आला. बाबा, तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही, असं ती म्हणाली. मी फोन बायकोकडे दिला.

बुधवारी गेलो. त्या दवाखान्यात पुढचे दोन-तीन पेशंट आतच बाकावर बसवतात. एक म्हातारा बसला होता त्याच्या सुनेसोबत, एक मास्तर दिसणारा गृहस्थ होता, आणि मॅडमच्या हाताखालची मुलगी कागद भरून घेत होती. तिने ठरलेला प्रश्न विचारला, "थेंब रोज चालू आहेत ना, एकही दिवस न चुकता?"

मी घसा खाकरला. बोलणार होतो. निदान मला तसं वाटायचं आहे. पण घसा खाकरण्यापलीकडे काही झालं नाही, आणि बायको बोलली.

"न्हाई," ती म्हणाली. "लई दिवस चुकलेत."

मॅडमनी मान वर केली.

"माझीच चूक हाय मॅडम. हे टाकायला बघायचे, मीच आज नगं, उद्या टाकू करून राह्यले व्हते. तपासणी आली की आठ दिवस टाकून घ्यायचे. तुमचं मशीन घरी व्हतं तेव्हाबी तसंच केलं."

मग मॅडम बोलल्या, आणि त्या चांगल्याच चिडल्या होत्या. चिडायचा त्यांना हक्कच होता. उद्या मी तुमचा डोळा कापणार होते, काकू, याचा अर्थ तुम्हाला कळतो का? खोट्या आकड्यांवर मी ऑपरेशन ठरवलं. जेवढी नजर दोन वर्षांत गेली ती तुम्ही स्वतःच्या हाताने घालवली. आणि घरात एवढं करणारा माणूस असताना. सगळ्यांच्या घरी असा नवरा नसतो.

बाकावरची सून बायकोकडे बघत होती. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहून कीव आल्यासारखी मान हलवली. बायकोने पदर खांद्यावर ओढून घेतला होता आणि ती खाली फरशीकडे बघत होती. मला ती फरशी मोंढ्यातली वाटली आणि कुणीतरी खाली बसून दाणे गोळा करतंय असं वाटलं. मी तिच्यापासून दोन हातावर उभा होतो. "मॅडम, ती खोटं बोलतेय" एवढे चार शब्द होते. पाच मिनिटं ती बोलणी खात होती आणि पाच मिनिटं मी ते चार शब्द तोंडात धरून उभा राहिलो.

ऑपरेशन रद्द झालं. तीन महिने रोज थेंब, मग पुन्हा मोजायचं आणि मग ठरवायचं. निघताना मॅडम मला म्हणाल्या, "काका, आता तुम्हीच लक्ष ठेवा यांच्यावर." मी "हो" म्हणालो. तो "हो" कसा निघाला ते मला अजून कळलेलं नाही.

घरी आल्यावर तिने पायातल्या चपला काढल्या, पाणी पिलं आणि भाजी निवडायला बसली. मी समोर बसलो.

"असं कशाला बोललीस?"

तिने मेथीची जुडी सोडली. "मंग काय डोळा कापून घेऊ?"

"तसं न्हाई. माझं नाव घ्यायचं व्हतं."

"तुमचं नाव घेतलं असतं तर तुम्हाला ते सोसलं नसतं," ती म्हणाली. "चार माणसात मान खाली घालायची सवय न्हाई तुम्हाला. मला हाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. मी जुडीतल्या काड्या उचलून निवडायला लागलो, आणि तिने माझ्या ढिगातली खराब पानं पुन्हा बाजूला काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हात धुऊन आलो तर ती स्टुलावर उभी राहून वरच्या फळीवरचा डबा काढत होती. "मी टाकते," ती म्हणाली. कॉटवर उताणी झाली, बाटली नाकाच्या दांडीवर टेकवली म्हणजे हात हलणार नाही, आणि दाबली. पहिला थेंब कानाकडे गेला. दुसरा पापणीवर. चौथ्या दिवशी थेंब बरोबर डोळ्यात पडला. चार दिवस लागले तिला. सहा वर्षांपूर्वी तिने माझ्याकडे दोन-चार दिवसच मागितले होते.

डबा आता खालच्या फळीवर असतो. मी तिच्या शेजारी बसतो, ती नाकाचा कोपरा दाबून धरते तोवर घड्याळ बघतो, दोन मिनिटं झाली की सांगतो. सांगायची गरज नसते. बाटली महिन्याच्या महिन्याला संपते.

तीन महिन्यांनी गेलो. आत बाकावर पुन्हा दोघं-तिघं होते, या वेळी दुसरे. उजवं तेरा, डावं बारा. मॅडम एकदम खूश झाल्या. ऑपरेशन सध्या नको म्हणाल्या, काळा भाग वाढलेला नाही. गेलेलं मात्र गेलं, ते त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं. मग माझ्याकडे वळल्या.

"काका, हे तुमच्यामुळे."

"व्हय," बायको म्हणाली. "ह्यांच्यामुळंच. ह्यांचा एक दिवस खाडा न्हाई."

माझंच वाक्य. मी त्या खोलीत इतक्यांदा बोललेलं, जसंच्या तसं. मी तिच्याकडे पाहिलं. ती टोमणा मारत नव्हती. तिला वाटत होतं, बाहेरच्यांच्या देखत माझी बाजू अशीच राखायची असते.

"न्हाई मॅडम," मी म्हणालो. "थेंब ती स्वतःच टाकते. मी नुसता बसलेला असतो."

"अरे वा," मॅडम हसल्या. "मग काकांना काय कामच उरलं नाही." बाकावरचे हसले. बायकोही हसली. पुढचं वाक्य माझ्याकडे तयार होतं, तीन महिने मी ते घोकत होतो. मॅडम माझ्याकडे बघत थांबल्या. मला अजून काही बोलायचंय हे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

"काही विचारायचंय का, काका?"

"न्हाई," मी म्हणालो.

मूठभर वाळलेले दाणे वर दाखवले आणि पोतं बांधून टाकलं, दुसरं काय. जिना उतरताना मी तिच्या डाव्या बाजूला गेलो. हल्ली रस्त्यानेही तिकडूनच चालतो, म्हणजे तिला कुणाचा धक्का लागत नाही. त्या बाजूने मी तिला दिसत नाही.